बाहेर पडायची वाट

अँड्रॉइड चांगलं की आयओएस, हा वाद पंधरा वर्षांहून जुना आहे आणि त्यातले बरेचसे मुद्दे कधीच निकालात निघाले आहेत. वरून खाली ओढायची नोटिफिकेशनची पट्टी आधी अँड्रॉइडकडे होती. आयफोनवर ती २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर आली. दुसऱ्यांनी बनवलेले कीबोर्ड २०१४ मध्ये आयओएस ८ ने घेतले, होम स्क्रीनवरची विजेट्स २०२० मध्ये आयओएस १४ ने. उलट दिशेनेही तेवढीच ये-जा झाली. पूर्वी अँड्रॉइडवर ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ च्या मार्शमेलो या अँड्रॉइड आवृत्तीपासून ॲप ज्या त्या वेळी विचारू लागलं. कॅमेरा किंवा माइक चालू असल्याचं सांगणारा ठिपका आयओएस १४ मध्ये दिसला आणि पुढच्याच वर्षी अँड्रॉइड १२ मध्येही आला.

म्हणून आज दोन्हींपैकी कुठलाही बरा फोन घेतला, तरी रोजची कामं साधारण सारखीच होतात. हाताला कुठली सवय आहे, कॅमेऱ्याचा रंग कुठला आवडतो, घरातल्यांकडे काय आहे, यावर निवड केली तर त्यात चूक काहीच नाही. पण फोन घेताना एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तीन-चार वर्षांनी पलीकडे जायचं ठरवलं, तर यातलं किती माझ्याबरोबर येईल? माझ्या मते कुठल्याही फोनप्रणालीची खरी किंमत इथे कळते. आणि हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. आपला नंबर न बदलता मोबाइल सेवा बदलता येते, ती जशी कायद्याने, तसंच इथेही व्हायला हवं.

तिकडे वळण्याआधी, अजून खरोखर शिल्लक असलेल्या फरकांपैकी दोन पाहू, कारण त्यांच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

पहिला अपडेटचा. आयफोनचं सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर एकाच कंपनीचं, त्यामुळे अपडेट थेट येतं. २०१३ चा आयफोन ५एस घ्या: त्याला आयओएस १२ च्या पुढची मोठी आवृत्ती मिळाली नाही, पण सुरक्षेची दुरुस्ती जानेवारी २०२३ पर्यंत आली. अँड्रॉइडचं अपडेट मात्र गूगलकडून निघून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन बनवणाऱ्याकडे, आणि काही ठिकाणी मोबाइल कंपनीकडे फिरून मग आपल्यापर्यंत येतं. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने चिपशी बोलणारा खालचा थर आणि वरची प्रणाली यांच्यात पक्की सीमा आखली, तेव्हा हा फेरा थोडा आखडला. गूगलच्या ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगच्या जानेवारी २०२४ च्या गॅलक्सी एस२४ ला सात-सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर झालं. ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं, तर सातातून दोन आधीच गेलेली असतात. आणि ही वचनं ठरावीक मॉडेलांपुरती आहेत. त्याच कंपनीच्या स्वस्त फोनला तेच लागू असेल असं धरून चालू नका.

फोन अपडेटेड आहे की नाही हे अँड्रॉइडच्या आवृत्तीवरून ठरवू नये. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन, आणि तिथे सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते, ती पाहायची. तिच्याच आसपास गूगल प्ले सिस्टिम अपडेटची वेगळी तारीख असते. अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग फोन कंपनीची वाट न बघता तिथून बदलतात. आयफोनचं पारडं इथे सरसकट जड नाही, हेही सांगायला हवं. अँड्रॉइडवर ब्राउझर प्ले स्टोअरमधून अपडेट होतो, त्यामुळे फोनची अपडेट थांबली तरी ब्राउझर पुढे बराच काळ ताजा राहतो. आयफोनवर वेब पान दाखवणारं वेबकिट हे इंजिन प्रणालीबरोबरच अपडेट होतं, आणि युरोपीय संघासारखे अपवाद सोडले तर क्रोम, फायरफॉक्स यांनाही तेच वापरावं लागतं. म्हणजे आयओएसची अपडेट बंद झाली की ब्राउझर बदलूनही इंजिन जुनंच राहतं.

दुसरा फरक मागे चालणाऱ्या ॲप्सचा. "अँड्रॉइडवर मेसेज उशिरा येतात" ही तक्रार खरी आहे, पण दोष सहसा मूळ अँड्रॉइडचा नसतो. फोन चार्जरवर नाही, स्क्रीन बंद आहे, फोन हलत नाही, अशा वेळी २०१५ पासून डोझ नावाची व्यवस्था ॲप्सचं नेटवर्क थांबवून ठेवते आणि अधूनमधून थोडा वेळ मोकळं करते. तातडीचा म्हणून पाठवलेला मेसेज यातूनही येतो. काही कंपन्या मात्र यावर आपली स्वतःची बॅटरी बचत चढवतात आणि ॲपच मारून टाकतात. सक्तीने थांबवलेल्या ॲपला ते पुन्हा उघडेपर्यंत काहीच पोचत नाही. उपाय: सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे अनरिस्ट्रिक्टेड. हे फक्त चॅट, मेल, अलार्म, औषधांची आठवण अशा मोजक्या ॲप्सना द्यावं. आयफोनवर ॲप मागे गेलं की काही सेकंदांत गोठतं आणि नोटिफिकेशन ॲपलच्या सर्व्हरमार्फत येतं. म्हणून तिथे शिस्त जास्त आहे आणि मोकळीक कमी. दिवसातून दहा वेळा सगळी ॲप्स वर सरकवून बंद करायची सवय दोन्हीकडे वाईटच. आयफोनवर तसं केलं की त्या ॲपचं मागचं काम ते परत उघडेपर्यंत बंद, आणि वर पुन्हा सुरू होताना बॅटरी जास्त खर्च होते ती वेगळी.

आता मूळ प्रश्न, सोडून जाण्याचा.

चॅटपासून सुरुवात करू, कारण जीव तिथेच अडकलेला असतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात जातो आणि आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउड या साठवणीत. एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याचा अधिकृत मार्ग जून २०२२ मध्ये मिळाला, म्हणजे दोन्ही प्रणाली लोकांच्या हातात येऊन चौदा वर्षं होत आल्यावर. तो असा: जुन्या फोनवर मूव्ह टू आयओएस हे ॲप घ्यायचं, नवा आयफोन सेटअपच्या पहिल्या पायऱ्यांवर असताना दोन्ही एकाच वाय-फायवर आणायचे, दोन्ही चार्जरला लावायचे, आयफोनवर दिसणारा कोड जुन्या फोनवर टाकायचा आणि यादीत व्हॉट्सॲपवर खूण करायची. फोन नंबर तोच हवा. यात बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. माणूस उत्साहात नवा आयफोन आधी सुरू करतो, दोन दिवस वापरतो, फोटो काढतो आणि मग चॅट आणायला जातो. तोवर वेळ निघून गेलेली असते. हा मार्ग फक्त कोऱ्या किंवा रीसेट केलेल्या आयफोनवर चालतो. मग दोन दिवसांचं नवं पुसायचं की दहा वर्षांचं जुनं सोडायचं, एवढंच हातात राहतं. उलट बाजूने जाताना बहुतेकदा केबल लागते, आणि तीही सहसा नवा अँड्रॉइड फोन सेटअप होत असतानाच लावायची असते. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली आधी सापडते का ते बघा. ती हरवली तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

आयमेसेज या ॲपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेचा घोटाळा याहून गुपचूप होतो. आयफोनमधलं सिम काढून अँड्रॉइडमध्ये घातलं, तरी ॲपलच्या नोंदीत तो नंबर आयमेसेजचाच राहू शकतो. मग ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी पाठवलेले मेसेज कपाटातल्या जुन्या फोनकडे जातात. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, आणि घेणाऱ्याला काही आल्याचाच पत्ता नसतो. सिम काढायच्या आधी मेसेजेसच्या सेटिंगमध्ये आयमेसेज आणि फेसटाइमच्या सेटिंगमध्ये फेसटाइम हे व्हिडिओ कॉलचं ॲप बंद केलं की हे टळतं. जुना फोन हातात नसेल, तर ॲपलच्या पानावर नंबर टाकून, आलेला सहा अंकी कोड भरून नोंद काढता येते. हे पान २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. आयमेसेज २०११ चं. मधली तीन वर्षं लोकांचे मेसेज हरवत होते, आणि ते थांबवायला लागलं काय, तर एक साधं वेबपान.

फोटोंचं दुखणं वेगळंच. आयफोनवर ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल, तर फोनमध्ये लहान प्रती असतात आणि मूळ फोटो आयक्लाउडमध्ये. अशा फोनला केबल लावून संगणकावर सगळं उतरवलं असं समजणं ही फार महागात पडणारी चूक आहे. आधी डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स निवडून, जागा असेल तर, मूळ प्रती फोनवर येऊ द्याव्यात. विंडोजवर कॉपी अर्ध्यात तुटत असेल, तर फोटोंच्या सेटिंगमध्ये तळाशी ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी असतं, तिथे ऑटोमॅटिकऐवजी कीप ओरिजिनल्स करावं. प्रत्येक फोटो आयफोनच्या एचइआयसी या स्वरूपातून सर्रास चालणाऱ्या जेपीइजीमध्ये बदलता बदलता फोन दमतो आणि जोडणी सुटते. लाइव्ह फोटो बाहेर पडताना एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ अशा दोन फायली होतात. त्या पुन्हा जुळवायचं काम आपलं.

गूगल फोटोजमधून टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवून घेण्याच्या सोयीने सगळं काढलं, तर झिप फायलींचा ढीग मिळतो आणि फोटोंबरोबर जेसन नावाच्या मजकुराच्या बारक्या फायली. तुम्ही नंतर दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेलं वर्णन, हाताने टाकलेलं ठिकाण हे फोटोत नसतं, त्या बारक्या फायलीत असतं. नवा फोन ती वाचत नाही. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख आत कोरलेली असते, म्हणून तो जागेवर बसतो. पण चॅटवरून आलेले आणि स्कॅन केलेले जुने फोटो झिप उघडल्याच्या दिवशी जाऊन पडतात. आजोबांचा लग्नातला फोटो काल दुपारचा म्हणून दिसतो. त्यापेक्षा उलट दिशेची, आयक्लाउडमधून थेट गूगल फोटोजमध्ये पाठवायची जी सोय ॲपलने २०२१ मध्ये सुरू केली, ती पुष्कळ बरी. काही दिवस लागतात, पण मधे आपला हात लागत नाही. तशी सोय असू शकते हे त्यावरून सिद्धच होतं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. विकत घेतलेली ॲप्स येत नाहीत, ती पुन्हा घ्यावी लागतात. ॲप स्टोअरमधून लावलेली वर्गणी ॲप स्टोअरमध्येच जाऊन बंद करावी लागते. फोन गेला तरी पैसे कापले जात राहतात. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही, आणि पलीकडे २०२१ च्या गॅलक्सी वॉच ४ पासून त्या घड्याळांनीही आयफोनची साथ सोडली. इथे दोन्ही बाजू सारख्याच दोषी.

या सगळ्यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: दोन वेगळ्या प्रणाली आहेत, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. मला ते पटत नाही, आणि कारण त्यांनीच दिलेलं आहे. १० एप्रिल २०२० रोजी ॲपल आणि गूगलने करोनाच्या संपर्काची सूचना देणारी सामाईक व्यवस्था बनवत असल्याचं जाहीर केलं आणि २० मे रोजी ती दोन्हीकडे आली. चाळीस दिवस लागले. मे २०२४ मध्ये, कुणी लपवून ठेवलेला ट्रॅकर आपल्याबरोबर फिरत असेल तर इशारा देण्याची पद्धत दोघांनी मिळून आणली, आणि अँड्रॉइड ६ इतक्या जुन्या फोनपर्यंत ती पोचवली. म्हणजे इच्छा असली की जमतं. जिथे गिऱ्हाईक सुटण्याची भीती असते तेवढ्याच जागी ते अवघड होऊन बसतं.

मग कायदा काय करतो? युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या डेटा संरक्षण नियमाच्या विसाव्या कलमात आपला डेटा बरोबर नेण्याचा हक्क आहे. तो सर्रास वापरातल्या, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळाला पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. जेसनच्या फायली ही अट तंतोतंत पाळतात. यंत्राला वाचता येतात, माणसाला उपयोग होत नाही. डेटा पोत्यात भरून दारात ठेवणं आणि नव्या घरात मांडून देणं यात जो फरक आहे, तो या कलमात निसटला. मार्च २०२४ पासून बंधनकारक झालेला डिजिटल मार्केट्स ॲक्ट एक पाऊल पुढे गेला. मोठ्या कंपन्यांनी ही सोय परिणामकारक, विनामूल्य आणि सतत चालू ठेवली पाहिजे असं तो सांगतो. दिशा बरोबर आहे.

पण सॉफ्टवेअरचा कायदा जिथला तिथेच राहतो. युरोपीय संघाने चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीची करणारा कायदा केल्यावर ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ चं खोबण बदललं, आणि ते जगभर बदललं, कारण दोन प्रकारचे फोन बनवणं परवडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रदेश पाहून सोय चालू-बंद करणं एका ओळीचं काम आहे. आयओएस १७.४ मध्ये दुसरी ॲप स्टोअर्स आणि दुसरी ब्राउझर इंजिनं आली ती युरोपीय संघापुरतीच. म्हणून दुसऱ्याच्या कायद्याची फळं आपोआप आपल्यापर्यंत येतील या आशेवर कुठल्याही देशाने बसू नये.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. स्टोअरबाहेरून ॲप घेण्यात धोका खरा आहे. लुबाडणारी ॲप्स बहुतेकदा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती अंध किंवा हात न चालणाऱ्या माणसांसाठी असलेली सोय. तिच्या जोरावर ॲप स्क्रीन वाचतं, आपल्या वतीने बटणं दाबतं आणि ओटीपी उचलतं. म्हणूनच अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही. ॲप कुठून घ्यावं यावर दोन समंजस माणसांचं मत वेगळं असू शकतं, आणि ज्यांना भुलवलं जाण्याची भीती जास्त आहे त्यांच्या हाती मी स्वतः बंद दाराचाच फोन देईन. पण आपले फोटो, चॅट, पासवर्ड आणि संपर्क घेऊन बाहेर पडणं या वादात येतच नाही. त्याने कुणाचाच फोन असुरक्षित होत नाही. हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून "सुरक्षेसाठी" म्हणणं अप्रामाणिक आहे.

कायद्यात काय लिहावं, तेही कठीण नाही. सेटअप होऊन गेल्यावरही, केव्हाही स्थलांतर करता आलं पाहिजे. फोन पुसण्याची अट नको. फोटोची तारीख, ठिकाण आणि वर्णन फोटोच्या आतच लिहून द्यावं. नंबर दुसऱ्या फोनवर गेला की जुन्या मेसेज सेवेतली नोंद आपोआप सुटावी. आणि तपासणी कंपनीच्या अहवालावर नको. भरलेला फोन घेऊन सामान्य माणसाला बसवावं, एका दिवसात किती आलं आणि काय राहिलं हे मोजावं, आणि ते छापावं. बहुतेकांसाठी दोनच प्रणाली उरल्यात म्हणून हे निकडीचं आहे. विंडोजचे फोन गेले, ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. तिसरीकडे जायला फारशी जागा नाही, तर निदान या दोहोंमधला दरवाजा तरी उघडा हवा.

तोवर क्रम पाळावा. जुना फोन लगेच विकू नका किंवा देऊन टाकू नका, महिनाभर हाताशी ठेवा. आधी प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात शिरून दुसऱ्या पायरीचा कोड जुन्या फोनवरच येतो का ते पाहा आणि नवा फोन तिथे जोडा. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने खातं उघडणारी किल्ली, वापरत असाल तर नव्या फोनवर दुसरी पासकी बनवा. वर्गण्या बंद करा. मग आयमेसेज बंद, घड्याळ असेल तर ते फोनपासून अनपेअर. त्यानंतर आयफोनवर खात्यातून साइन आउट, अँड्रॉइडवर गूगल खातं काढून टाकणं आणि स्क्रीन लॉक हटवणं. रीसेट सगळ्यात शेवटी, आणि तोही सेटिंग्जमधून. आवाजाची आणि पॉवरची बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला, तर चोरीपासून वाचवणारं कुलूप तसंच राहतं, आणि फोन घेणाऱ्याकडून तो तुमचाच पासवर्ड मागत बसतो.